घरासाठी ब्रोकर निवडताना त्याच्याकडे काय बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरेगाव पूर्वेला आमची ४२ घरांची सोसायटी आहे आणि तिचा सेक्रेटरी म्हणून मला आता अकरावं वर्ष चालू आहे. या काळात किती फ्लॅट विकले गेले, किती भाड्यानं गेले याचा हिशोब रजिस्टरमध्ये आहे, पण ब्रोकर किती बघितले याचा नाही. चांगले होते, लबाड होते आणि सर्वांत जास्त होते ते नुसतेच अडाणी. घर बघायला निघालेले भाचे, सहकारी, शेजाऱ्यांचे जावई असे सगळे फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

ब्रोकरकडे कुठला कागद असायलाच हवा?

महारेराचं, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, नोंदणी प्रमाणपत्र. स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ चा आहे आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे, नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकून देणाऱ्या वा घेऊन देणाऱ्या एजंटानं आधी स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. एकट्या व्यक्तीला फी १० हजार रुपये, कंपनी किंवा भागीदारी असेल तर १ लाख.

नोंदणी न करता सौदे करणाऱ्याला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दीड कोटीच्या फ्लॅटवर हे साडेसात लाख होतात. म्हणजे ब्रोकरला त्या सौद्यात दलाली मिळेल, त्याहून सहसा जास्तच. तरीही बिननोंदणीचे लोक बिनधास्त फिरतात, कारण आपण विचारत नाही.

तो नंबर सांगतो, पण खरा आहे हे कसं कळणार?

महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. तिथं नावानं किंवा नंबरानं शोधता येतं. एजंटाचा नंबर 'ए' अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'नं. हे सांगतोय कारण बरेच जण बिल्डरच्या प्रकल्पाचा नंबर दाखवून "हा बघा आमचा रेरा" म्हणतात. तो त्यांचा नसतो, इमारतीचा असतो. जुन्या पद्धतीच्या नंबरांत पुढचे आकडे जिल्हा सांगतात. ५१८ म्हणजे मुंबई उपनगर, ५१९ म्हणजे मुंबई शहर, ५१७ ठाणे.

नंबर सापडला की तीन गोष्टी बघा. नाव तेच आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि नोंदणी स्थगित किंवा रद्द तर झालेली नाही ना. तिसरी गोष्ट कोणी बघत नाही. मे २०२४ मध्ये महारेरानं सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी एका झटक्यात वर्षभरासाठी स्थगित केली होती, कारण त्यांनी सक्षमता प्रमाणपत्र सादर केलं नव्हतं. यातल्या अनेकांची व्हिजिटिंग कार्डं, त्यावर छापलेल्या नंबरासकट, तेव्हाही बाजारात होती. छापलेलं कार्ड स्थगित होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर थांबू नका. संकेतस्थळ उघडा, दोन मिनिटांचं काम आहे.

सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे काय? ब्रोकरला परीक्षा द्यावी लागते?

हो, आणि ही गोष्ट अजूनही लोकांना खरी वाटत नाही. महारेरानं जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढला. एजंटानं २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग परीक्षा द्यायची, पास झाला तर सक्षमता प्रमाणपत्र. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. ती आयबीपीएस घेते, म्हणजे बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी तीच संस्था. १ जानेवारी २०२४ पासून या प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी मिळत नाही आणि जुन्यांनाही ते द्यावं लागलं.

आता माझं मत. २० तासांत कोणी हुशार ब्रोकर होत नाही, जसं लायसन मिळालं म्हणून कोणी घाटात नीट गाडी चालवतो असं नाही. पण कार्पेट एरिया (घराच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ) कशाला म्हणतात, करार नोंदवण्याआधी बिल्डर किती पैसे घेऊ शकतो, ग्राहकाला कुठले कागद दाखवावे लागतात, एवढं तरी त्यानं एकदा वाचलेलं असतं. ज्यानं वाचलंच नाही त्याच्यापेक्षा हा बरा. प्रमाणपत्र मागा आणि मागताना लाजू नका. चांगला माणूस ते मोबाइलमध्येच ठेवतो.

एजन्सी नोंदणीकृत आहे, पण साइटवर नेणारा मुलगा तिथं नवा लागलाय. चालेल?

कंपनीच्या नावावर नोंदणी असली तरी ग्राहकांशी बोलणाऱ्या माणसांनीही ती परीक्षा दिलेली असावी, असा महारेराचा आग्रह आहे. प्रत्यक्षात दार उघडून दाखवायला आलेल्या पोराला फार छळू नका, त्याच्या हातात फक्त चावी असते. मात्र किंमत, कागद आणि पैसे या तीन विषयांवर बोलणारा माणूस कोण आहे ते विचारा. त्याचंच नाव आणि नंबर लिहून घ्या. पुढे काही फिसकटलं तर "तो मुलगा आमच्याकडे आता नाही" हे वाक्य ऐकावं लागतं. आमच्याकडे दोन कुटुंबांनी ऐकलंय.

मी जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतोय. रिसेल. मग रेरा लागू होतो का?

मुंबईकरांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सर्वांत कमी लोक तो विचारतात.

कलम ९ मध्ये शब्द आहेत ते नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीबद्दल. आमची बिल्डिंग १९९१ ची. तिला महारेराचा नंबर नाही, असायचं कारणही नाही. तिच्यातला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये पडणाऱ्या ब्रोकरला महारेराची नोंदणी नसली तरी त्यानं कायदा मोडला असं म्हणता येत नाही. भाड्याच्या घराचंही तेच. म्हणजे दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवलीत जुन्या सोसायट्यांमधले सौदे आणि लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचे करार) करून देणारे ब्रोकर महारेराच्या कक्षेबाहेर राहतात.

म्हणून "रेरा नंबर आहे ना, मग झालं" असं म्हणून रिसेलमध्ये निर्धास्त होऊ नका. उलट बाजूही लक्षात घ्या. पंचवीस वर्षं एकाच पट्ट्यात काम करणारे, नोंदणी नसलेले आणि तरीही अतिशय सरळ असे दोघे जण मला माहीत आहेत. पण समोर दोन अनोळखी ब्रोकर असतील तर मी नोंदणी असलेला घेईन. ती नोंदणी या सौद्याला लागू नसली तरी तिच्यामुळे त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. परवाना गेला तर नव्या इमारतींतली कमाई जाते, हे त्याला ठाऊक असतं.

मग रिसेलमध्ये ब्रोकर लायक आहे हे ओळखायचं कसं?

तो तुम्हाला काय दाखवतो यावरून कळत नाही. तो विकणाऱ्याकडे काय मागतो यावरून कळतं.

सेक्रेटरी असल्यामुळे मला हे समोर दिसतं. काही ब्रोकर फ्लॅट हातात घेतल्या घेतल्या माझ्याकडे येतात. शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव आहे, मेंटेनन्स थकलाय का, बँकेचा बोजा सोसायटीकडे नोंदवलाय का, बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का, एवढं विचारून वहीत लिहून घेतात. मग गिऱ्हाईक आणतात. असे दहात दोन. बाकीचे थेट गिऱ्हाईक घेऊन लिफ्टमध्ये शिरतात आणि कागदांची आठवण टोकन घेतल्यावर होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या बी विंगमधल्या एका फ्लॅटचं काय झालं ते सांगतो. मालक वारले होते. मुलगा नॉमिनी होता, राहायलाही तोच होता. ब्रोकरनं त्याला मालक समजून गिऱ्हाईक आणलं आणि दोन लाखांचं टोकन घेतलं. वडिलांना एक मुलगीही होती, परदेशात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण मालकी वारसा हक्कानं ठरते आणि ती बहिणीचीही होती. तिची सही मिळवून हक्कसोडपत्र होईपर्यंत आठ महिने गेले. तोवर खरेदीदाराच्या कर्जाची मंजुरी संपली आणि भाड्याचं घर सोडायची तारीख उलटून गेली. ब्रोकर लबाड नव्हता, हेच जास्त वाईट. "शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव आहे?" हा एक प्रश्न त्यानं विचारला असता तर हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं असतं.

पहिल्या भेटीत तुम्हीच त्याची छोटी तोंडी परीक्षा घ्या. गप्पांच्या ओघात विचारायचं, चौकशी अधिकाऱ्यासारखं नाही.

मुद्रांक शुल्क किती लागेल? मुंबईत घर पुरुषाच्या नावावर घेतलं तर ६ टक्के, फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर ५. नोंदणी फी १ टक्का, पण घर ३० लाखांच्या वरचं असेल तर कमाल ३० हजार रुपये. हे त्याला झोपेतही यायला हवं.

टीडीएस, म्हणजे किमतीतून आधीच कापायचा प्राप्तिकर, कोण कापतो? किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का कापून सरकारकडे भरतो. मुंबईत आता ५० लाखांच्या खाली काय मिळतं म्हणा. पुढचा प्रश्न खरा कस लावतो: विकणारा परदेशात राहणारा असेल तर? तेव्हा १ टक्क्याचा हा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते आणि चुकली तर जबाबदारी तुमच्यावर येते. इथं ब्रोकर "सीएला विचारून सांगतो" म्हणाला तर पूर्ण गुण द्या. "काही नाही हो, सेम असतं" म्हणाला तर चहा संपवून उठा.

सोसायटीची ट्रान्सफर फी किती? महापालिका क्षेत्रात अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये, असं राज्य सरकारच्या ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकात आहे. "सोसायटी दोन लाख मागते, द्यावेच लागतात" असं सांगणाऱ्या ब्रोकरला एकतर नियम माहीत नाही किंवा त्याला वाद नको आहे. दोन्हीचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

आणि शेवटी, आधीचे करार कुठे आहेत? पहिल्या मालकानं बिल्डरकडून घेतला तिथपासून आजपर्यंतची सगळी साखळी हवी. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, हे ज्याला माहीत आहे आणि जो तुमच्या समोर शोधून दाखवतो, तो ब्रोकर हातचा सोडू नका.

गुमास्ता लायसन, जीएसटी नंबर, पॅन हे बघायचं का?

गुमास्ता म्हणजे दुकान आहे याचा पुरावा. त्यात लायकी येत नाही. वडापावच्या गाडीलासुद्धा काहीतरी कागद असतो.

जीएसटी नंबर मात्र उपयोगी आहे. वर्षाला २० लाखांच्या वर सेवा देणाऱ्याला तो घ्यावा लागतो आणि मग तो दलालीवर १८ टक्के कर लावतो. काही ब्रोकर नंबर नसताना १८ टक्के मागतात. हा कर नव्हे, ही नुसती वरकमाई. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ नं होते आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. ते बिलावरच्या नावाशी जुळवून बघा. मला तर हीच सगळ्यात सोपी ओळख परेड वाटते.

कार्डावर 'रिअल्टर', 'सर्टिफाइड प्रॉपर्टी कन्सल्टंट', 'चॅनल पार्टनर' असं काय काय लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ आहे?

थोडा आहे, बराच नाही.

'रिअल्टर' हा शब्द मूळचा अमेरिकेतला. तिथं तो १९०८ साली स्थापन झालेल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेचा नोंदलेला शब्द आहे आणि तिचे सदस्यच तो लावू शकतात. मुंबईत मात्र कांदिवलीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवरही 'रिअल्टर्स' असतं. भारतातही एजंटांच्या संघटना आहेत, नार-इंडिया हे त्यातलं राष्ट्रीय पातळीवरचं नाव. अशा संघटनेचं सदस्यत्व ही चांगली खूण आहे, कारण तक्रार झाली तर सहव्यावसायिकांपुढे मान खाली घालावी लागते. पण सदस्यत्व म्हणजे परवाना नाही.

'चॅनल पार्टनर' म्हणजे बिल्डरनं कमिशनवर नेमलेला. यात गैर काही नाही, फक्त त्याचं ताट कोण वाढतंय हे विसरू नका. 'सर्टिफाइड' लिहिलं असेल तर सरळ विचारा, कोणी केलं? उत्तर 'महारेराची परीक्षा' असेल तर बघायला मागा. उत्तर 'एका वीकेंडच्या कोर्सचं' असेल तर अभिनंदन करा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

एक मात्र नीट समजून घ्या. ब्रोकर किमतीचा अंदाज सांगतो, मूल्यांकन करत नाही. ते नोंदणीकृत मूल्यांककाचं काम आहे. बँक कर्ज देताना स्वतःचा मूल्यांकक पाठवते ते उगाच नाही.

नव्या इमारतीत घर घेतोय. ब्रोकरनं मला कायद्यानं काय दाखवायला हवं?

कलम १० त्याच्यासाठीच आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं नाही, हिशोबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जे कागद बघायचा हक्क आहे ते मिळवून द्यायचे. प्रत्येक सौद्यात स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहायचा.

लक्ष ठेवण्यासारखी एक गोष्ट. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "आज २० टक्के भरले तर हा रेट, उद्यापासून वाढतोय" असं ब्रोकर म्हणाला, तर तो एकतर परीक्षेत झोपला होता किंवा त्याला तुम्ही झोपलेले हवे आहात. आणि 'सुपर बिल्ट-अप'मध्ये (जिना, लिफ्ट, भिंती धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) बोलू लागला तर कार्पेट एरियाचा आकडा विचारा. करारात तोच येतो, आणि फर्निचर त्याच्यातच बसवायचं असतं.

दलाली किती द्यायची आणि कोणी द्यायची?

कायद्यानं बांधलेला दर नाही, रिवाज आहे. रिसेलमध्ये साधारण १ ते २ टक्के, आणि बहुतेक वेळा विकणारा व घेणारा दोघेही देतात. नव्या प्रकल्पात बिल्डर देतो, तुमच्याकडे कोणी मागितली तर "कशाबद्दल?" एवढंच विचारा. भाड्याच्या घराला अकरा महिन्यांच्या करारावर एका महिन्याचं भाडं. करार वाढवताना पुन्हा मागतात. ते मान्य आहे की नाही हे पहिल्या वेळीच बोलून घ्या, नाहीतर दर वर्षी तोच तमाशा.

मुंबईतली जुनी सवय अशी की दलालीचं बोलणं तोंडी होतं आणि भांडण लेखी. उलटं करा. साध्या मेसेजमध्ये लिहून पाठवा: किती टक्के, जीएसटीसह की वेगळा, कधी द्यायचे, सौदा फिसकटला तर काय. समोरचा 'ओके' म्हणाला की तेवढं पुरे. आणि सगळी रक्कम टोकनच्या दिवशी देऊ नका. अर्धी करारनोंदणीला, उरलेली ताबा मिळाल्यावर, असं आमच्याकडे बरेच जण करतात आणि शहाणे ब्रोकर नाही म्हणत नाहीत.

विकणाऱ्याचा आणि माझा ब्रोकर एकच आहे. अडचण आहे का?

बेकायदा नाही, आणि छोट्या सौद्यांत टाळताही येत नाही. पण मग घासाघीस त्याच्यावर सोडू नका. किमतीचं बोलणं मालकासमोर स्वतः करा आणि वकील मात्र तुमचा स्वतःचा घ्या. "वकील आपल्या ऑफिसचेच आहेत, फी लागणार नाही" ही सोय कोणाची आहे याचा विचार करा.

टोकन ब्रोकरच्या खात्यात भरायचं का?

नाही. मालकाच्या खात्यात, बँकेतून, आणि शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं असतील तर दोघांच्या सहीची पावती घेऊन. रोख तर नकोच.

पागडी, म्हाडा, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) अशा घरांसाठी वेगळा ब्रोकर शोधावा लागतो का?

शोधावा. इथं जनरल फिजिशियन चालत नाही.

पागडीचं घर घेता तेव्हा तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. गिरगाव, परळ, लालबागच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळींत आजही हे सौदे होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आल्यापासून भाडेहक्क सोडताना रक्कम घेणं कायदेशीर झालं आहे, पण घरमालकाची संमती, त्याचा हिस्सा (रिवाजानं साधारण तिसरा भाग) आणि तुमच्या नावाची नवी भाडेपावती या तीन गोष्टींशिवाय हातात काही येत नाही. बँका सहसा यावर गृहकर्ज देत नाहीत. जो ब्रोकर "लोन करून देतो" म्हणतो त्याला कुठली बँक ते विचारा.

म्हाडाच्या सोडतीतलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही. एसआरएच्या घरालाही ठरावीक काळ बंदी असते आणि नंतर परवानगी लागते. अशा वेळी ठरलेला तोडगा पुढे येतो: "पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून घेऊ, मुदत संपली की नावावर." नुसत्या मुखत्यारपत्रावर घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. हा तोडगा सुचवणारा कितीही प्रमाणपत्रं दाखवो, त्याच्याबरोबर पुढे जाऊ नका. चारकोपात माझ्या एका नातेवाइकानं असंच घर घेतलं होतं. मूळ मालक गेले आणि मुखत्यारपत्र त्यांच्याबरोबर संपलं. आता चार वारसांच्या दारात फेऱ्या चालू आहेत.

जमीन जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर हस्तांतराला त्यांची परवानगी लागते. वांद्रे, चेंबूर, सायनकडे अशा जमिनींवरच्या सोसायट्या भेटतात. ब्रोकरला "जमीन कोणाची?" हे विचारलं आणि तो बिल्डरचं नाव सांगू लागला, तर समजायचं ते समजा. जमिनीच्या मालकाची सरकारी नोंद असलेलं मालमत्ता पत्रक त्यानं बघितलेलं नाही.

भाड्याचं घर शोधतोय. ब्रोकरचं नुसतं घर दाखवून झालं की त्याचं काम संपलं?

संपायला नको. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून काढतात. नोंदणी फी मुंबईत १ हजार. यात ब्रोकर किंवा एजंट स्वतःचा सर्व्हिस चार्ज लावतो, तो वेगळा लिहून मागा, म्हणजे सरकारचं किती आणि त्याचं किती हे दिसेल. पोलीस पडताळणीही त्यानंच लावून द्यावी. "नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं" म्हणणारा ब्रोकर तुमचे पैसे वाचवत नाही, स्वतःची खटपट वाचवतो.

आमचा वॉचमन किंवा ओळखीचे काका घर दाखवतात. दलाली द्यायची का?

घर दाखवल्याबद्दल खुशीनं काही द्या, त्यात काही वाईट नाही. पण त्यांच्या शब्दावर कागद सोडू नका. काकांना नाही म्हणणं जड जातं, म्हणूनच काकांचा सौदा जास्त तपासायचा.

ब्रोकरनं फसवलं तर कुठं जायचं?

नोंदणीकृत प्रकल्पातला सौदा असेल तर महारेराकडे. कलम ३१ खाली एजंटाविरुद्धही तक्रार करता येते, फी ५ हजार रुपये. तक्रार ऑनलाइन होते. एजंटानं खोटेपणा केला असं सिद्ध झालं तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते, मात्र त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

रिसेल किंवा भाड्यात दलाली घेऊन काम केलं नाही, चुकीची माहिती दिली, तर ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि दलाली सहसा त्याच्या आतच असते. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच कामात आहे, त्यांच्याकडेही मार्गदर्शन मिळतं. टोकन घेऊन माणूस गायबच झाला तर सरळ पोलीस ठाणं.

सगळीकडे पुरावा लागतो. बँकेची नोंद, मेसेज, पावती. ज्यांनी रोख दिले आणि फोनवर बोलले, त्यांना मी आजवर फक्त सहानुभूती देऊ शकलो आहे.

तुमच्या सोसायटीत ब्रोकरला आत सोडताना तुम्ही काय विचारता?

गेटवर वेगळी वही आहे. नाव, मोबाइल, महारेरा नंबर असेल तर तो, कुठला फ्लॅट, आणि मालकाचा फोन किंवा चिठ्ठी. सुरुवातीला खूप जण चिडले. एकानं तर "आम्ही काय चोर आहोत का" म्हणून वॉचमनशी वाद घातला. आता नेहमीचे लोक आपणहून लिहितात. नवीन भाडेकरू किंवा खरेदीदार आला की मी तीच वही उघडून बघतो, हा सौदा कोणी आणला. ज्या ब्रोकरनं आणलेल्या तीन घरांचे कागद पहिल्या फेरीत पूर्ण होते, त्याच्या नावापुढे मी पेन्सिलनं एक टिंब देतो. भाचा विचारायला आला की वही त्याच्यापुढे सरकवतो. सध्या तिच्यात चार टिंबं आहेत.